डायक्स्ट्रा : जवळची वाट शोधणारा संगणकतज्ज्ञ

गणेशगुडीहून गोव्याकडे येण्यास दोन वाटा आहेत. एक रामनगरवरून अनमोड घाटाने, दुसरी जोयड्यावरून अणशी घाट उतरून कारवारमार्गे. अशा वाटांतून सर्वांत जवळची निवडण्याची सुप्रसिद्ध रीत एड्सगर डायक्स्ट्रा यांनी दिली.

११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत वाग्दत्त वधूसह बसले असताना, कागद-लेखणीविना, वीसेक मिनिटांत त्यांना ही रीत सुचली. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

आरंभस्थानाचे अंतर शून्य, इतरांचे अनंत मानावे. अंतर निश्चित न झालेल्या गावांपैकी सर्वांत जवळचे निवडून त्याचे अंतर कायम करावे. तेथून शेजारच्या गावांची अंतरे मोजावीत. कमी भरल्यास जुना आकडा बदलावा. इच्छित स्थळ कायम होईपर्यंत हेच करीत राहावे. रस्त्याची लांबी ऋण नसते. म्हणून दूरच्या गावावरून वळसा घालून येणारी वाट कायम झालेले अंतर घटवू शकत नाही.

१९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांचा प्रोग्रामर हा व्यवसाय अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. १९७२ मध्ये त्याच क्षेत्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार त्यांना लाभला. ६ ऑगस्ट २००२ रोजी ते निवर्तले.