दारिद्र्याचा हिशेब मांडणारे पितामह

बंगालच्या फाळणीने ढवळून निघालेल्या कोलकात्यात डिसेंबर १९०६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदी ८१ वर्षांचे दादाभाई नवरोजी होते. एवढे मोठे भाषण स्वतः वाचण्याची शक्ती त्यांच्या आवाजात उरली नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ते वाचून दाखवले. त्या भाषणाने काँग्रेसच्या आजवरच्या विखुरलेल्या मागण्यांना एका शब्दात बांधले. तो शब्द होता स्वराज्य.

हा शब्द उच्चारणारी व्यक्ती जहाल पंथाची नव्हती. ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवर ज्यांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, त्या पिढीचे दादाभाई अग्रणी होते. अशा माणसाला अखेर स्वराज्याशिवाय दुसरा उपाय दिसू नये, यामागे सुमारे ४० वर्षांचा एक हिशेब होता. भारत गरीब का आहे, हा त्या हिशेबाचा विषय होता.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी नवसारीशी नाते असलेल्या एका गरीब पारशी पुरोहित घराण्यात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आई माणेकबाई यांना स्वतःला शिक्षण मिळाले नव्हते. परंतु मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्या काळी शुल्क नव्हते, म्हणूनच हा मुलगा शिकू शकला. आपले शिक्षण समाजाच्या पैशाने झाले, तेव्हा त्याची परतफेड समाजसेवेनेच झाली पाहिजे, ही जाणीव त्यांनी पुढे आयुष्यभर बाळगली.

एल्फिन्स्टन संस्थेत ते आधी हुशार विद्यार्थी म्हणून आणि नंतर गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नावाजले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होते. १८४९ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सनातन्यांचा रोष पत्करून तेथे विनावेतन शिकवले. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढले. पुढच्याच वर्षी मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीतही तरुण दादाभाईंचा वाटा होता.

१८५५ मध्ये प्राध्यापकी सोडून ते कामा कुटुंबाच्या व्यापारी पेढीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. अफू व मद्याच्या व्यापारातील नफा त्यांच्या मनाला पटला नाही. ते त्या पेढीतून बाहेर पडले आणि त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी गुजराती भाषेचे अध्यापनही केले. मात्र त्यांचे खरे कार्य निराळे होते. भारतावर राज्य करणाऱ्या देशात भारताविषयी दाट अज्ञान आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. ते दूर करण्यासाठी १८६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना केली.

त्याच वर्षी ओडिशात भीषण दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे भूक आणि रोगराईला बळी पडली. ज्या देशात रेल्वे, तारयंत्र आणि सुसज्ज प्रशासन असल्याचा अभिमान राज्यकर्ते मिरवत होते, त्याच देशात माणसे अन्नावाचून मरत होती. पाऊस न पडणे हे दुष्काळाचे निमित्त असेल. पण एक हंगाम बुडताच लोक मरू लागतात, याचा अर्थ त्यांच्या गाठीशी काहीच उरलेले नाही. हे गाठीचे गेले कोठे, या प्रश्नाचा शोध दादाभाईंनी सुरू केला.

१८६७ मध्ये लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी उत्तराची पहिली मांडणी केली. भारतात गोळा होणाऱ्या महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जातो, असे त्यांनी दाखवून दिले. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार व निवृत्तिवेतने, लंडनमधील भारत कार्यालयाचा खर्च, कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना सरकारने दिलेली पाच टक्के परताव्याची हमी आणि साम्राज्याच्या युद्धांचा भार, हे सारे भारतीय करदात्याच्या माथी होते. पूर्वीचे राज्यकर्ते कितीही उधळे असले तरी त्यांचा पैसा देशातच खर्च होत असे. आता तो परत न येण्यासाठी जात होता. हाच पुढे संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत म्हणून ओळखला गेला.

केवळ तक्रार करून भागणार नाही, हे गणिताचा प्राध्यापक असलेले दादाभाई जाणून होते. भारतीय माणसाचे सरासरी उत्पन्न किती, हा हिशेब तोवर कोणी नीट केला नव्हता. दादाभाईंनी सरकारचेच प्रांतवार अहवाल घेतले. पिकाखालील जमीन, दर एकरी उतारा, धान्याचे भाव, मीठ, खनिजे आणि कारागिरी यांचे आकडे त्यांनी एकत्र मांडले. सुमारे १७ कोटी लोकसंख्येच्या ब्रिटिश भारताचे वार्षिक उत्पन्न त्यांच्या हिशेबाने ३४० कोटी रुपये निघाले. म्हणजे माणशी वर्षाला २० रुपये. या आकड्याशेजारी त्यांनी तुरुंगांतील खर्चाचे आकडे ठेवले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला याहून अधिक खर्च करत होते. निरपराध प्रजेला कैद्याइतकेही मिळत नाही, हे सांगायला मग विशेषणांची गरज उरली नाही. हा अभ्यास १८७६ मध्ये मुंबईत वाचला गेला.

सरकारला हा आकडा बोचला. १८८२ मध्ये अर्थखात्याचे प्रमुख इव्हलिन बेअरिंग यांच्या काळात सरकारी अंदाज तयार झाला, तो माणशी २७ रुपयांचा होता. पुढे लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपयांचा दावा केला. दादाभाईंना खोडून काढण्यासाठी दिलेल्या या आकड्यांनीही भारतीय माणसाचे दारिद्र्यच सिद्ध केले.

मधल्या काळात, १८७४ मध्ये, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाड यांनी त्यांना दिवाण नेमले. दरबारातील कारस्थाने आणि ब्रिटिश रेसिडेंटचा विरोध यांच्या कात्रीत त्यांचा सुधारणांचा प्रयत्न फार काळ टिकला नाही आणि त्यांनी पद सोडले. मुंबई महापालिका आणि प्रांतिक विधिमंडळ येथेही त्यांनी काम केले. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले, त्यात ते होते. पुढच्याच वर्षी कोलकात्यात ते तिचे अध्यक्ष झाले.

भारताचा निर्णय ज्या सभागृहात होतो, तेथेच भारताची बाजू मांडली पाहिजे, असे त्यांना वाटत होते. १८८६ मध्ये लंडनमधील हॉलबॉर्न मतदारसंघातून ते पडले. त्यानंतर पंतप्रधान सॉल्सबरी यांनी त्यांच्या वर्णावरून हेटाळणीचे उद्गार काढले. गोऱ्या मतदारांनी काळ्या माणसाला निवडून देण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असा त्यांचा आशय होता. या उद्गारांनी दादाभाईंचे नाव इंग्लंडभर झाले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी त्यांना कॉमन्स सभेत पाठवले. मताधिक्य एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. खासदारकीची शपथ त्यांनी बायबलऐवजी पारशी धर्मग्रंथावर घेतली.

सनदी सेवेची परीक्षा केवळ लंडनमध्ये होत असल्याने भारतीय तरुणांना तिची दारे जवळजवळ बंद होती. ती इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी व्हावी, असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्स सभेत मंजूर झाला. तो दादाभाईंच्या प्रयत्नांचा विजय होता. परंतु सरकारने त्याची अंमलबजावणी केली नाही. १८९५ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. भारतीय खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगावर सदस्य म्हणून बसण्याची संधी त्यांना मिळाली, तेथे गोखल्यांनीही साक्ष दिली. आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांना दादाभाईंचा निष्कर्ष पटला नाही. विल्यम वेडरबर्न आणि केन यांच्यासह त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

आयोगाचे काम चालू असतानाच भारतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. प्लेगने मुंबई आणि पुणे उद्ध्वस्त केले. १९०१ मध्ये दादाभाईंचा ‘पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील राज्यकारभार ब्रिटनच्या स्वतःच्या तत्त्वांना सोडून आहे, हा आरोप ग्रंथाच्या नावातच होता. पुराव्याने मन वळेल ही आशा त्यात अजून होती. पण स्वर कठोर झाला होता. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्यांनी हीच कैफियत मांडली, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींनी उभे राहून त्यांना मान दिला.

१९०५ मध्ये कर्झन यांनी बंगालची फाळणी केली आणि काँग्रेसमधील मवाळ-जहाल मतभेद विकोपाला गेले. जहालांना लोकमान्य टिळक किंवा लाला लजपतराय अध्यक्षपदी हवे होते. मवाळांनी दादाभाईंचे नाव पुढे केले, कारण त्या नावाला कोणीही विरोध करू शकत नव्हते. त्यांना सौम्य भाषणाची अपेक्षा असावी. प्रत्यक्षात दादाभाईंनी स्वराज्याचा उच्चार केला आणि स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण यांचेही ठराव त्या अधिवेशनात संमत झाले. स्वराज्य म्हणजे त्यांच्या लेखी ब्रिटन किंवा तिच्या स्वशासित वसाहतींसारखा कारभार. तरीही मागणीचे स्वरूप पालटले होते. निःसारण ज्यांच्या हिताचे आहे, त्यांच्याच हाती सत्ता असेपर्यंत ते थांबणार नाही, हा त्यांच्या हिशेबाचा शेवटचा निष्कर्ष होता.

वर्षभरात सुरतेला काँग्रेस फुटली. ती दुफळी दादाभाईंची पुण्याईही टाळू शकली नाही. १९०७ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईजवळ वर्सोव्याला राहू लागले. ३० जून १९१७ रोजी, ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रमेशचंद्र दत्त यांनी त्यांचा आर्थिक विचार पुढे नेला, गांधीजींनी त्यांचे ऋण मानले आणि पेरीन व खुर्शेदबेन या त्यांच्या नाती स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या.

निःसारणाची नेमकी रक्कम किती, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. दादाभाईंच्या हाती असलेली आकडेवारी अपुरी होती, हेही खरे. परंतु दारिद्र्य हे दैव किंवा आळस यांचे फळ नसून राज्यव्यवस्थेचा परिणाम असू शकते, आणि तो मोजता येतो, हे त्यांनी या देशाला शिकवले. सरकारच्या कारभाराची परीक्षा सामान्य माणसाच्या ताटावरून करण्याची रीत तेव्हापासून सुरू झाली. कोलकात्याच्या त्या भाषणानंतर ४१ वर्षांनी देश स्वतंत्र झाला, तेव्हा ती परीक्षा स्वकीय सरकारांच्या वाट्याला आली.