विनोबांची इबादत आणि खिदमत

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनायक नरहरी भावे यांचे जन्मगाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनायक 1916 मध्ये गांधीजींकडे गेले, 1921 मध्ये वर्ध्यास आले आणि आचार्य विनोबा झाले. केवळ अनुवादावर समाधान न मानता ते अरबी शिकले. कुरआन मुळातून वाचून त्यांनी निवडक आयतींचे ‘रूहुल कुरआन’ तयार केले.

इबादत आणि खिदमत त्यांनी वेगळी मानली नाही. कुष्ठरोग्याला घराबाहेर काढण्याचे ते दिवस होते. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला या रुग्णांची सेवा सुरू केली, तिला विनोबांचा आधार होता. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला विनोबांचे निधन झाले.

आज या रोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. मात्र तो वेळेत ओळखायला हवा. मुलांना घामोळे येते, नायटा होतो; त्याला खाज असते. गोवराच्या पुरळाबरोबर ताप असतो. फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नसेल आणि बरेच दिवस जात नसेल, तर जंताचा डाग समजून सोडू नये. तिथे स्पर्श कळत नाही, हे तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांना दाखवावेच. लपवलेला चट्टा पुढे हातपाय अधू करतो.

आजाऱ्याची विचारपूस हा इस्लामने सांगितलेला हक्क आहे. इफ्तारच्या दस्तरखानावर अशा घरालाही जागा असावी.