विश्लेषण : इंजिनाची थरथर शमवणारे लँचेस्टर कोण होते? पिंपरीशी त्यांचे नाते काय?

जुन्या मोटारीच्या क्रँकशाफ्टची पुली बदलताना पट्टा नीट बसला की काम झाले, असे अनेकांना वाटते. मात्र अनेक इंजिनांत या पुलीतच हार्मोनिक डॅम्पर असतो. तो चुकीचा बसवला तर क्रँकशाफ्ट तुटूही शकतो. या डॅम्परचा पाया घालणारे फ्रेडरिक लँचेस्टर (१८६८-१९४६) यांना अखेरच्या काळात राहते घर टिकवण्यासाठी मदत घ्यावी लागली होती.

कारकीर्द कशी सुरू झाली?
लंडनमध्ये जन्मलेल्या लँचेस्टर यांनी पदवी न घेताच शिक्षण संपवले आणि बर्मिंगहॅमच्या गॅस इंजिन कारखान्यात नोकरी धरली. १८९६ मध्ये त्यांची पेट्रोल मोटार रस्त्यावर आली. १८९९ मध्ये भावांसह त्यांनी कंपनी काढली. मागणी भरपूर होती, पण भांडवल अपुरे पडले आणि १९०४ मध्ये कंपनी अडचणीत आली. १९०९ पासून ते डेमलरचे सल्लागार झाले.

डॅम्परची गरज का भासली?
डेमलरच्या सहा सिलिंडर इंजिनाचा क्रँकशाफ्ट लांब होता. सिलिंडरमधील प्रत्येक स्फोटाने तो किंचित पिळला जाई आणि परत उलगडे. ठरावीक वेगाला हे धक्के झोक्याला लय साधून दिलेल्या हेलकाव्यांसारखे वाढत. लँचेस्टर यांनी शाफ्टच्या पुढच्या टोकाला, घट्ट न जोडलेली जड चकती बसवली. शाफ्ट थरथरला की चकती जडत्वामुळे मागे राहते आणि मधल्या घर्षणात थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन विरते. पुढे रबराचे डॅम्पर आले.

पुली जुळवताना काय पाहावे?
डॅम्परचे वजन आणि रबर त्या-त्या इंजिनासाठीच ठरवलेले असते. त्यामुळे इंजिनाच्या मॉडेलचाच सुटा भाग घ्यावा. पट्ट्याची खाच इतर पुलींच्या रेषेत आहे का, हे पाहावे. जुने रबर सुटले तर बाहेरची कडी सरकते, तिच्यावरची टायमिंगची खूण चुकते.

अखेर कशी झाली?
विमानविद्येवरही त्यांनी मूलभूत काम केले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मात्र स्वतःची प्रयोगशाळा चालली नाही. कंपवाताने शरीर आणि कमी झालेल्या दृष्टीने काम थांबवले. मोटार उद्योगाच्या मदतनिधीमुळे घर वाचले. ८ मार्च १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

पिंपरीशी संबंध कसा?
लँचेस्टर कंपनी १९३१ मध्ये डेमलरच्या मालक समूहाकडे गेली. १९६० मध्ये डेमलर जग्वारने घेतली आणि २००८ मध्ये जग्वार टाटा मोटर्सकडे आली. त्याच टाटा मोटर्सचा मोठा कारखाना पिंपरीत आहे.