सॉलिसिटर खेर आणि कुपातला मजूर

जव्हारला गेलो की माझे पाय शिरपामाळाकडे वळतातच. १६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवरायांचा इथे मुक्काम पडला, ही आठवण गावात सारेच सांगतात. मला मात्र भोवतालचे जंगल पाहताना बाळासाहेब खेर आठवतात.

१८८८ साली रत्नागिरीत जन्मलेले खेर मुंबईत सॉलिसिटर होते. कोर्टकचेरी हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापून ठाणे जिल्ह्यातले पाडे गाठावेत, हे नवलच! तिथे कूप ठेकेदाराचा, घाम आदिवासीचा आणि हिशेब पुन्हा ठेकेदाराच्याच वहीत. मजुरी बुडाली तर दाद मागायची कुठे?

पुढे सत्तेवर असताना खेरांनी, वैकुंठभाई मेहतांच्या साथीने, जंगल कामगार सहकारी संस्थांना चालना दिली. ठेकेदाराच्या जागी मजुरांचीच संस्था आली. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन होऊन हा मुलूखही मुंबई राज्यात आला.

संस्था म्हटली की तंटे आलेच. कुणाची उचल जास्त, कुणाचा हिशेब चुकलेला. १९२५ च्या सहकारी कायद्यात असे तंटे निबंधकाकडे, किंवा त्याने नेमलेल्या लवादाकडे नेण्याची सोय होती. दिवाणी दाव्याचा खर्च मजुराला कुठला झेपायला? लवाद नेमणारे खातेच संस्थांवर देखरेख करी, ही खोट मला खटकते. महाराष्ट्रात सहकार न्यायालये आली ती १९७४ च्या दुरुस्तीनंतर. खेर तर १९५७ च्या मार्चमध्येच गेले होते.