बर्फावरची एक शर्यत ज्यांच्या स्मरणार्थ झाली, ते फर्डिनांड पोर्शे कोण होते?

बर्फावरून सरसर घसरत जाणाऱ्या जुन्या पोर्शे गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. अशाच एका शर्यतीचं नातं थेट फर्डिनांड पोर्शे यांच्याशी आहे.

१८७५ मध्ये बोहेमियात पत्र्याचं काम करणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची इलेक्ट्रिक गाडी गाजली. पुढे हिटलरच्या सरकारसाठी त्यांनी बीटल तयार केली. इंजिन मागे असल्याने त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि ती बर्फातही पकड घेतात. इंजिन हवेने थंड होतं, त्यामुळे पाणी गोठायची भीतीच नाही.

पण युद्धकाळात बीटलच्याच कारखान्यात हजारो लोकांना जबरदस्तीने राबवलं गेलं. युद्धानंतर फ्रान्सने पोर्शे यांना सुमारे २० महिने कैदेत ठेवलं. १९५१ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या झेल अम झे इथे गोठलेल्या तळ्यावर त्यांच्या स्मरणार्थ शर्यत झाली. पुढे वाहन आणि मागे दोर धरून स्कीवर उभा खेळाडू! १९७० च्या दशकात ही शर्यत बंद पडली.

२०१९ मध्ये त्यांच्या पणतूने ती पुन्हा सुरू केली आणि जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या मजेसाठी पुन्हा बर्फावर उतरल्या. पोर्शे यांचं नाव घेताना मात्र या गाड्यांसोबत तो कारखानाही आठवावा लागतो.