रोग्याची भाषा शिकलेले डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

आपल्या सिरोंच्यात एका दिवसात तीन भाषा कानी पडतात. घरोघरी तेलुगू, शाळेत व कचेरीत मराठी, आणि बाजाराला रानातून आलेल्या माणसांच्या तोंडी माडिया गोंडी. दवाखान्यात मात्र यातूनच कधी कधी मोठी अडचण उभी राहते. दुखणे एका भाषेत आणि औषध दुसऱ्या भाषेत, असे झाले म्हणजे बिचारी रोगी बाई नुसती पोटावर हात ठेवून बसते. परक्या देशात जाऊन रोग्यांची भाषा आपलीशी करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र म्हणूनच आपण भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. ते गावही आपल्यासारखेच बहुभाषी. मराठीबरोबर कानडी व तेलुगू तेथे सहज ऐकू येते. द्वारकानाथांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली, तेव्हा चीनच्या विनंतीवरून राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडण्याचे ठरविले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते आणि २७ वर्षांचे कोटणीसही होते. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी मुंबईचा किनारा सोडला.

पथक यानआन येथे पोहोचण्यापूर्वीच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी परतण्याची मोकळीक होती, तरी हाती घेतलेले काम टाकून ते परतले नाहीत.

तेथे पहिली भिंत भाषेची होती. चिनी भाषेला आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे एक स्वतंत्र आकृती असून तिच्या रेघा ठराविक क्रमानेच काढावयाच्या असतात. साधे वर्तमानपत्र वाचावयाचे, तर अशी दोन-तीन हजार अक्षरे ओळखीची व्हावी लागतात. त्यात पुन्हा आवाजाच्या चढउताराने अर्थ पालटतो. ‘थांग’ हा शब्द उंच व सरळ आवाजात उच्चारला तर सार किंवा कढण, आणि आवाज खालून वर नेला तर साखर! जखमी शिपायाला कोठे दुखते, हे विचारतानाही सूर चुकून चालावयाचे नाही.

कोटणीसांना निवांत बसून शिकावयास वेळ कोठला? लढाईच्या काळात जखमींची रीघ लागे आणि शस्त्रक्रिया दिवसरात्र चालत. अशा धामधुमीतूनच त्यांनी ती भाषा बोलण्यालिहिण्याइतकी हस्तगत केली. पथकातील पाचही जणांनी चिनी नावे घेतली होती व प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे ‘हुआ’ हे अक्षर होते. कोटणीस तेथे ‘के दीहुआ’ झाले.

१९४१ साली त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद आले. ज्यांच्या नावाने ते रुग्णालय होते, ते कॅनडाचे डॉ. बेथ्यून १९३९ साली तेथेच जखमींची सेवा करताना वारले होते. तेथील विद्यार्थ्यांना कोटणीस शस्त्रक्रियेचे पाठ चिनी भाषेतून देत. त्यांच्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली. त्याच वर्षी परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. परंतु तीन-साडेतीन महिन्यांतच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराने कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे ३२. शस्त्रक्रियेवरील एक पुस्तक अपुरेच राहिले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी बोलपटातून त्यांची कथा घरोघर पोहोचविली. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे.

बोलपटात त्यांचा त्याग दिसतो, पण त्यामागची चिकाटी सहसा दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात १९७३ साली हेमलकशाला आलेल्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनाही माडिया बोली शिकावी लागली, तेव्हाच रोगी मोकळेपणाने बोलू लागले. आपल्या गावच्या कितीतरी मुली आज परिचारिका व शिक्षिका होत आहेत. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येणार आहे.

सकाळी सडा-रांगोळी, पाणी, मुलांचे डबे यांत आपला वेळ जातो हे खरे. पण चहाचे आधण ठेवले असता पाच नवे शब्द म्हणून पाहावयाला कोण अडविते? रोज पाच म्हटले तरी वर्षाला १,८२५ शब्द होतात. कोणाला चिनी शिकावीशी वाटली, तर तीही याच मार्गाने येईल. आपल्याला मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. शेजारणीची तेलुगू आणि बाजारात भेटणाऱ्या माडिया बाईची बोली आपल्या दारातच आहे. या वर्षी मंडळातील प्रत्येक भगिनीने यांपैकी जी येत नसेल ती थोडी तरी शिकावी. दवाखान्यात अवघडून बसलेल्या एखाद्या बाईला आपल्या भाषेत विचारणारे कोणी भेटले, तर तिचे अर्धे भय तेथेच सरेल.