विश्लेषण : ‘पहिली शिक्षिका’ होण्याआधी सावित्रीबाई काय शिकल्या? छात्राध्यापकाची जबाबदारी पाठापुरतीच असते का?

पारशिवनीसारख्या तालुक्यातल्या शाळेत छात्राध्यापक आंतरवासितेला येतात, तेव्हा त्यांच्या हातात पाठ टाचणाची वही असते आणि मनात एकच धास्ती : निरीक्षक मागच्या बाकावर बसले असताना पाठ नीट होईल ना? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या डी.एल.एड. आणि बी.एड. अभ्यासक्रमांत किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यातले सुमारे १६ आठवडे प्रत्यक्ष शिकवण्याचे. पण त्या काळात नेमकी जबाबदारी कशाची? सावित्रीबाई फुले यांचा शिकाऊ काळ पाहिला, तर उत्तर वहीच्या बरंच बाहेर जातं.

प्रशिक्षण कुठे झालं?

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पहिले धडे जोतिरावांनी घरीच दिले. पुढच्या अभ्यासाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी उचलली. अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं. शिक्षक घडवणाऱ्या शाळेला तेव्हा नॉर्मल स्कूल म्हणत. ‘पहिली शिक्षिका’ हे बिरुद इतकं मोठं झालं आहे, की त्याआधीची ही विद्यार्थिनी झाकली गेली.

वर्गात पाऊल ठेवल्यावर काय?

१८४८ मध्ये पुण्यातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. आजच्या पहिल्या वर्षाच्या छात्राध्यापिकेहूनही लहान. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत ठेवत. ही आठवण सगळ्यांना पाठ आहे. तिच्यातला शिक्षकी भाग मात्र निसटतो : एवढं होऊनही वर्ग वेळेवर भरायचा आणि बाईंनी मुलींसमोर स्वच्छ कपड्यांत उभं राहायचं.

दुसरी अडचण पटाची. मुली येतच नसत किंवा येऊन थांबत. गळती रोखण्यासाठी फुले दाम्पत्याने मुलांना विद्यावेतन दिलं, पालकांना भेटून शाळेचं महत्त्व पटवलं. ज्या मुलाला संत्र्याच्या किंवा कापसाच्या हंगामात घरचे शेतावर नेतात, त्याला शिकवू पाहणाऱ्या छात्राध्यापकाला हे काम ओळखीचं वाटेल. उत्तम टाचण काढलं आणि समोर निम्मा वर्गच नाही, तर पाठ कोणासाठी घ्यायचा?

१८५१-५२ मध्ये चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ इथे आणखी शाळा उघडल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतिरावांचा सत्कार झाला. त्याहून बोलका पुरावा १८५५ चा आहे. मांग समाजातली मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली मुलगी. तिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. पाठाचं मूल्यमापन याहून चांगलं कोणत्या तक्त्यात होणार?

गैरहजर असताना वर्ग कोणाचा?

१८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी होत्या. १० ऑक्टोबरला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. आपल्यामागे सगळं काम फातिमावर पडलं असेल, तिला त्रास होत असेल, ही काळजी त्यात आहे. छात्राध्यापक एक दिवस दांडी मारतो, तेव्हा त्याचा तास शाळेतल्याच कुणा बाईंना किंवा गुरुजींना घ्यावा लागतो. मार्गदर्शक शिक्षक ही गोष्ट अहवालात लिहीत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

पुढे?

विधवा आणि त्यांच्या मुलांसाठी प्रसूतिगृह, सत्यशोधक समाज अशी कामं वाढत गेली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.